सागरी स्पंजांतील कर्करोगविरोधी संयुगे

सागरी स्पंजांच्या शरीरात आढळणाऱ्या रासायनिक पदार्थांतून कर्करोगावर उपयुक्त ठरतील अशी संयुगे शोधून काढण्याचे कार्य विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले. या कार्याशी निगडित अशी दोन औषधे विशेष महत्त्वाची मानली जातात : रक्ताच्या कर्करोगावरील सायटाराबीन (अमेरिकेत मान्यता १९६९) आणि स्तनाच्या कर्करोगावरील एरिब्युलीन (२०१०). यांपैकी कोणतेही औषध स्पंजापासून काढले जात नाही. दोन्ही कारखान्यात संश्लेषणाने (घटक द्रव्यांपासून कृत्रिम रीत्या) तयार होतात. स्पंजाकडून मिळाला तो रेणूच्या रचनेचा नमुना. कोशिकांना (पेशींना) मारक असे पदार्थ स्पंजांत विपुल सापडले, परंतु त्यांचे प्रमाण इतके अल्प होते की, पुरेसा पदार्थ कोठून आणावयाचा हाच या संशोधनातील सर्वांत कठीण प्रश्न ठरला. [⟶ कर्करोग].

स्पंजांचे जीवन व त्यांची रसायने : स्पंज हे छिद्री (पोरिफेरा) संघातील अपृष्ठवंशी (पाठीचा कणा नसलेले) प्राणी होत. त्यांच्या ९,००० हून अधिक जाती ज्ञात असून गोड्या पाण्यातील थोड्या जाती वगळता बाकीच्या सर्व समुद्रात राहतात. प्रौढ स्पंज खडक, प्रवाळ वा वाळू यांच्या आधाराने एकाच जागी आयुष्य काढतो. त्याला तोंड, जठर, स्नायू व तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) यांपैकी काहीही नसते. अंगावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत घ्यावयाचे, त्यातील सूक्ष्मजंतू व अन्नकण गाळून घ्यावयाचे आणि उरलेले पाणी मोठ्या छिद्रावाटे बाहेर टाकावयाचे, असा त्याचा जीवनक्रम असतो. आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी तो दिवसभरात गाळतो.

अशा प्राण्याला शत्रूपासून पळता येत नाही आणि कवचही नसते. काही जातींच्या शरीरात सिलिकेच्या टोकदार कंटिका असतात. परंतु अनेक जातींचे संरक्षण मुख्यतः रासायनिक स्वरूपाचे असते. माशांना बेचव वा विषारी लागणारे, शेजारच्या प्रवाळाची वाढ रोखणारे, अंगावर इतर प्राण्यांचे डिंभ (अळ्या) बसू न देणारे असे नाना प्रकारचे पदार्थ त्यांत आढळतात. तरीही हे संरक्षण अभेद्य नसते. हॉक्सबिल या सागरी कासवाचे प्रवाळखडकांवरील मुख्य अन्न स्पंज हेच होय.

कोशिका विभाजनाची मूलभूत यंत्रणा बहुतेक सर्व प्राण्यांत सारखीच असल्यामुळे शेजाऱ्याच्या कोशिकांना घातक ठरणारा पदार्थ मानवी कोशिकांनाही घातक ठरू शकतो. कर्करोगाच्या कोशिका अनिर्बंधपणे विभागत असतात. त्यामुळे विभाजनात अडथळा आणणारे विष त्यांना अधिक जाचक ठरावे, ही या संशोधनामागील अपेक्षा होती. स्पंजाच्या अर्कात कोशिकामारक पदार्थ सापडणे ही त्या मानाने नवलाची गोष्ट नाही. निरोगी ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांना) सोसवेल अशा मात्रेत तो पदार्थ अर्बुदाला मारक ठरतो की नाही, यावरच त्याचे औषधी मूल्य अवलंबून असते. आणि बहुसंख्य पदार्थ या कसोटीला उतरलेले नाहीत.

बेर्गमान यांचे कार्य : अमेरिकेतील येल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बेर्गमान हे सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांतील स्टेरॉलांचा (कोलेस्टेरॉलासारख्या मेदी पदार्थांचा) अभ्यास करीत होते. औषध शोधणे हा त्यांचा उद्देश नव्हता. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगत एलियट की या बेटाजवळ उथळ पाण्यातून १९४५ मध्ये गोळा केलेला एक स्पंज त्यांच्या हाती आला. हा स्पंज वाळूत अर्धवट गाडलेला असतो व त्यामुळे सहजी दिसत नाही. ही जाती तोपर्यंत शास्त्राला अज्ञात होती. १९४९ मध्ये द लौबेनफेल्स यांनी तिचे वर्णन करून तिला क्रिप्टोटेथिया क्रिप्टा हे नाव दिले. त्यातील ‘क्रिप्टा’ याचा अर्थ ‘दडलेला’ असा आहे. हल्ली ही जाती टेक्टिटेथिया क्रिप्टा या नावाने ओळखली जाते.

वाळविलेल्या स्पंजाचे ॲसिटोनाने निष्कर्षण करीत असता (द्रावकाच्या साहाय्याने पदार्थ वेगळा काढीत असता) उकळत्या ॲसिटोनातून एक स्फटिकी पदार्थ खाली बसू लागला. स्टेरॉले ॲसिटोनात विरघळलेली राहतात. तेव्हा हा पदार्थ स्टेरॉल नव्हता हे उघड होते. त्यात नायट्रोजन आढळला. स्टेरॉलांच्या अभ्यासकाला तो बाजूला ठेवून देता आला असता, पण बेर्गमान यांनी त्याचा पाठपुरावा केला. बेर्गमान व रॉबर्ट फीनी यांनी १९५० व १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांवरून हा पदार्थ न्यूक्लिओसाइड (नायट्रोजनयुक्त क्षारक व शर्करा यांच्या जोडणीने बनलेले संयुग) असल्याचे दिसून आले. त्याला स्पाँजोथायमिडीन हे नाव देण्यात आले. त्याच स्पंजातून पुढे स्पाँजोयुरिडीन व स्पाँजोसीन ही आणखी दोन न्यूक्लिओसाइडे मिळाली.

या संयुगांचे वेगळेपण त्यांच्या शर्करेत होते. सजीवांच्या न्यूक्लिइक अम्लांत रिबोज किंवा डीऑक्सिरिबोज या दोनच शर्करा असतात. स्पाँजोथायमिडीन व स्पाँजोयुरिडीन यांत मात्र त्यांच्या जागी अरॅबिनोज ही शर्करा असल्याचे बेर्गमान व डी. सी. बर्क यांनी १९५५ मध्ये दाखविले. अरॅबिनोज व रिबोज यांची घडण जवळजवळ एकच आहे. दुसऱ्या कार्बन अणूवरील हायड्रॉक्सिल गटाची दिशा तेवढी परस्परांच्या उलट असते. (स्पाँजोसिनातील शर्करा नेहमीचीच, म्हणजे रिबोज आहे, त्यात क्षारकात बदल झालेला आहे.) न्यूक्लिओसाइडातील क्षारक बदलले असता ते कोशिकेच्या कार्यात अडथळा आणू शकते, ही कल्पना त्या काळी रूढ होती. शर्करा बदलूनही तसे घडू शकेल, ही कल्पना रसायनशास्त्रज्ञांपुढे ठळकपणे आली ती या स्पंजामुळे. [⟶ न्यूक्लिइक अम्ले].

सायटाराबीन : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत वॉलविक, रॉबर्ट्स व डेकर यांनी १९५९ मध्ये सायटोसीन हा क्षारक व अरॅबिनोज यांचे संयुग तयार केले. सायटोसीन अरॅबिनोसाइड किंवा सायटाराबीन या नावाने ते प्रसिद्ध आहे. हे औषध ‘स्पंजापासून काढतात’ असे विधान लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते, ते वस्तुस्थितीला धरून नाही. बेर्गमान यांना मिळालेल्या संयुगांत सायटाराबिनाचा समावेश नव्हता. स्पंजातील संयुगांच्या धर्तीवर रसायनशास्त्रज्ञांनी ते जुळविले. मिशिगन राज्यातील अपजॉन या औषधनिर्मिती संस्थेतील संशोधकांनी १९६१ मध्ये उंदरांतील रक्ताच्या कर्करोगावर व अन्य अर्बुदांवर त्याचा प्रभाव दाखवून दिला. रुग्णांवरील चाचण्यांनंतर १९६९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषधी प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

सायटाराबीन कोशिकेत शिरल्यावर एंझाइमांच्या क्रियेने त्याला तीन फॉस्फेट गट जोडले जातात. या रूपात ते डीएनए बनविणाऱ्या एंझाइमाला नेहमीच्या घटकासारखेच भासते आणि नव्या साखळीत गुंफले जाते. परंतु शर्करेची ठेवण वेगळी असल्याने साखळी पुढे वाढविणे अवघड होते व अखेर कोशिका मरते. डीएनएची प्रत तयार करीत असलेल्या कोशिकांवरच त्याचा परिणाम होतो. विश्रांत कोशिका त्यातून सुटतात. शिवाय यकृत व रक्त यांतील एंझाइमामुळे ते अल्पावधीत निष्क्रिय होते. या क्रियेत त्याचे जे संयुग बनते, ते म्हणजे युरॅसील व अरॅबिनोज यांचे संयुग, अर्थात बेर्गमान यांना स्पंजात मिळालेले स्पाँजोयुरिडीनच होय. स्पंजाने ज्या रूपात हा पदार्थ साठविला होता, त्या रूपात तो मानवी शरीरात औषध म्हणून निरुपयोगी ठरतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ही दोन वैशिष्ट्ये ध्यानी घेऊन सायटाराबीन शिरेवाटे सलग काही दिवस संथपणे देण्याची पद्धत रूढ झाली. तीव्र मज्जाजन्य रक्तकर्करोगात सायटाराबीन सात दिवस आणि डॉनोरुबिसीन हे प्रतिजैव तीन दिवस देण्याचा उपचारक्रम १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील अनेक दशके तो या रोगावरील प्रारंभिक उपचाराचा पाया राहिला. अस्थिमज्जेतील निरोगी कोशिकांनाही हे औषध सोडीत नाही. उपचारकाळात रुग्णाच्या रक्तातील श्वेतकोशिका व बिंबाणू (रक्त गोठण्यास मदत करणारे घटक) धोकादायक पातळीपर्यंत घटतात आणि जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांपासून त्याला जपावे लागते. भारतात १९८४ पासून मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि दिल्ली व मद्रास (आताचे चेन्नई) येथील कर्करोग केंद्रे यांनी मुलांतील तीव्र लसीकाकोशिकीय रक्तकर्करोगासाठी एमसीपी-८४१ हा समान उपचारक्रम राबविला, त्यातील औषधांतही सायटाराबिनाचा अंतर्भाव होता.

त्याच वर्गातील ॲडेनीन अरॅबिनोसाइड हे संयुग १९६० मध्ये कर्करोगावरील संभाव्य औषध म्हणून तयार करण्यात आले, परंतु उपयोगी पडले ते व्हायरसांवर. व्हिडाराबीन या नावाने १९७६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि ॲसायक्लोव्हीर उपलब्ध होईपर्यंत नागीण व्हायरसामुळे होणाऱ्या मेंदूच्या शोथावर (दाहयुक्त सुजेवर) ते वापरले जाई. त्याच्याच रचनेत फेरफार करून बनविलेले फ्लुडाराबीन १९९१ मध्ये पुन्हा कर्करोगाच्या उपचारात आले.

शोधमोहिमांचा काळ : बेर्गमान यांच्या कार्यानंतर लगोलग समुद्राकडे रसायनशास्त्रज्ञांची रीघ लागली असे मात्र झाले नाही. खोल पाण्यातील प्राणी निवडून गोळा करणे हे तोवर दुर्घट काम होते. कुस्तो व गान्यां यांनी १९४३ मध्ये बनविलेले पाण्याखालील श्वसनाचे उपकरण युद्धोत्तर काळात सर्वत्र उपलब्ध झाले आणि ही अडचण बरीच दूर झाली. १९६७ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे ‘समुद्रातील औषधे’ या विषयावर परिषद भरली. त्यानंतर दोनच वर्षांनी कॅरिबियन समुद्रातील प्लेक्सॉरा होमोमाला या मृदू प्रवाळसदृश प्राण्यात प्रोस्टाग्लँडिने मोठ्या प्रमाणात असल्याचे वाइनहाइमर व स्प्रॅगिन्स यांनी दाखविल्याने औषध उद्योगाचे लक्ष तिकडे वेधले. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था, ॲरिझोना राज्य विद्यापीठातील जॉर्ज पेटिट यांचा गट, हवाई विद्यापीठातील पॉल शॉयर यांचा गट आणि जपानमधील अनेक प्रयोगशाळा यांनी या काळात हजारो सागरी प्राण्यांचे अर्क तपासले.

उत्साहाच्या मानाने फळ अल्प होते. रोश या स्विस औषध कंपनीने १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ डी व्हाय येथे सागरी औषधविज्ञानाची सुसज्ज संस्था उभारली. तिच्या संशोधकांनी अनेक नवी संयुगे शोधली, परंतु बाजारात आणता येईल असे औषध न मिळाल्याने १९८१ मध्ये ती बंद करण्यात आली. कसोटीच्या पद्धतीतही दोष होता. अर्कांची पहिली छाननी उंदरांतील रक्ताच्या कर्करोगावर होत असल्याने त्याच प्रकारच्या रोगावर चालणारे पदार्थ प्रामुख्याने निवडले जात आणि फुप्फुस, स्तन, मोठे आतडे इत्यादींच्या घन अर्बुदांवरील पदार्थ निसटून जात. १९९० पासून राष्ट्रीय कर्करोग संस्थेने निरनिराळ्या मानवी अर्बुदांपासून वाढविलेल्या ६० कोशिका-वंशांवर एकाच वेळी चाचणी घेण्यास प्रारंभ केला. या साठ वंशांवरील परिणामांचा आकृतिबंध पाहून अज्ञात पदार्थाची क्रिया कोणत्या ज्ञात औषधासारखी आहे, याचाही अंदाज करता येऊ लागला.

भारतात दोना पावला (गोवा) येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) आणि लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्था यांनी भारतीय किनाऱ्यावरील स्पंज, प्रवाळ, शैवले इत्यादींच्या अर्कांची तपासणी केली. त्यातून अनेक संयुगांची रासायनिक माहिती हाती आली.

हॅलिकाँड्रीन : जपानच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हॅलिकाँड्रिया ओकाडाय नावाचा काळा स्पंज सर्रास आढळतो. या स्पंजातून १९८१ मध्ये ओकाडाइक अम्ल हे विषारी संयुग मिळाले होते. नागोया येथील योशिमासा हिराता व दाइसुके उएमुरा यांना त्याच स्पंजाच्या अर्कात ओकाडाइक अम्लाहून वेगळा व अत्यंत प्रभावी असा आणखी एक कोशिकामारक घटक असल्याचे दिसून आले. तो वेगळा करण्यासाठी मिउरा द्वीपकल्पाजवळून ६०० किग्रॅ. स्पंज गोळा करण्यात आला. दीर्घ खटपटीनंतर त्यातून हॅलिकाँड्रीन-बी हे संयुग मिळाले १२·५ मिग्रॅ., म्हणजे साखरेच्या काही कणांएवढे. १९८५–८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्याची व त्याच्याशी संबंधित संयुगांची रचना देण्यात आली. ते उंदरांतील अर्बुदांवर अतिशय अल्प मात्रेतही परिणामकारक होते.

राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साठ कोशिका-वंशांवर हॅलिकाँड्रीन-बी तपासले असता त्याचा आकृतिबंध सूक्ष्मनलिकांवर क्रिया करणाऱ्या औषधांशी जुळला. सूक्ष्मनलिका या ट्युब्युलीन या प्रथिनाच्या बनलेल्या असून कोशिका विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन बाजूंस ओढून नेण्याचे काम त्यांच्यामार्फत होते. हॅलिकाँड्रीन ट्युब्युलिनाला चिकटते, हे १९९१ मध्ये प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध झाले. संस्थेने ते पुढील विकासासाठी निवडले आणि प्रश्न पुन्हा पुरवठ्यापाशी येऊन ठेपला. रुग्णांवरील चाचण्यांसाठी सुमारे १० ग्रॅ. पदार्थ लागेल आणि औषध यशस्वी झाल्यास दरवर्षी किलोग्रॅमच्या हिशेबाने लागेल, असा अंदाज होता.

दरम्यान न्यूझीलंडच्या कायकुरा द्वीपकल्पाजवळ सुमारे १०० मी. खोलीवर राहणाऱ्या लिसोडेंडोरिक्स प्रजातीच्या एका पिवळ्या स्पंजात हॅलिकाँड्रिने अधिक प्रमाणात असल्याचे कँटरबरी विद्यापीठातील मन्रो व ब्लंट यांच्या गटाला आढळले. शासनाच्या परवानगीने १ टन स्पंज काढण्यात आला व त्यातून सुमारे ३०० मिग्रॅ. हॅलिकाँड्रीन-बी मिळाले. जपानी स्पंजाच्या तुलनेत हे प्रमाण पुष्कळच चांगले होते. तथापि या जातीचा आढळ काही चौ. किमी. क्षेत्रापुरता मर्यादित असून तिचा एकूण साठा सुमारे ३०० टन असल्याचे पाहणीत दिसून आले. १० ग्रॅ. औषधासाठी त्यातील ३० टनांहून अधिक स्पंज काढावा लागला असता. वर्षाला १ किग्रॅ. औषध हवे असल्यास अस्तित्वात असलेल्या एकूण साठ्याच्या दहापट स्पंज लागला असता. समुद्रातून उपसून औषध बनविण्याचा मार्ग या हिशेबाने कायमचा बंद केला. स्पंजाचे तुकडे दोरांवर लावून उथळ पाण्यात वाढविण्याचे प्रयोग न्यूझीलंडमध्ये यशस्वी झाले व अशा स्पंजांतही हॅलिकाँड्रिने तयार होत असल्याचे आढळले. परंतु तोवर रसायनशास्त्राने दुसरा मार्ग मोकळा केला होता.

हार्व्हर्ड विद्यापीठातील योशितो किशी (१९३७–२०२३) हे मूळचे नागोयाचे व हिराता यांचेच विद्यार्थी. त्यांनी १९९२ मध्ये हॅलिकाँड्रीन-बीचे संपूर्ण संश्लेषण केले. या रेणूत ३२ असममित कार्बन अणू आहेत. अशा प्रत्येक अणूभोवती गटांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते आणि त्यांपैकी एकच योग्य असते. हे लक्षात घेतले म्हणजे या कार्याची अवघडता कळून येते. मात्र औषधाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट संश्लेषणाच्या ओघात हाती आली. जुळणी करताना तयार झालेल्या मधल्या तुकड्यांची जपानच्या एसाय या कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत चाचणी घेतली असता रेणूचा उजवा अर्धा भागच जवळजवळ सर्व कर्करोगविरोधी क्रियेस कारणीभूत असल्याचे आढळले. डावा भाग वगळता येत होता. या अर्ध्या रेणूत फेरफार करून सुमारे दोनशे सदृश संयुगे बनविण्यात आली व त्यांतून एरिब्युलिनाची निवड झाली. त्यात १९ असममित कार्बन अणू असून त्याच्या निर्मितीस साठाहून अधिक रासायनिक पायऱ्या लागतात. इतक्या पायऱ्यांनी बनणारे औषध कारखान्यात तयार करता येईल, यावर त्या काळी फारच थोड्यांनी विश्वास ठेवला असता.

एरिब्युलीन सूक्ष्मनलिकांच्या वाढत्या टोकाशी बसून त्यांची वाढ थांबविते व त्यामुळे कोशिका विभाजन अर्ध्यावर अडते. पूर्वी अनेक औषधे देऊनही शरीरात अन्यत्र पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ७६२ स्त्रियांवर त्याची निर्णायक चाचणी घेण्यात आली. डॉक्टरांच्या पसंतीचे अन्य उपचार मिळालेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान १०·६ महिने, तर एरिब्युलीन दिलेल्यांचे १३·१ महिने भरले. अडीच महिन्यांची ही वाढ बाहेरच्याला लहान वाटेल. परंतु रोगाच्या या अवस्थेत एकट्या औषधाने आयुष्य वाढल्याची उदाहरणे तोपर्यंत जवळजवळ नव्हती. या आधारावर नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०१६ मध्ये मेदार्बुदाच्या मारक प्रकारासाठीही (लायपोसार्कोमासाठी) त्याचा वापर मान्य झाला. औषधाची एक मात्रा शरीराच्या दर चौ. मी. पृष्ठभागास १·४ मिग्रॅ. एवढीच असते. ६०० किग्रॅ. स्पंजातून निघालेले हॅलिकाँड्रीन जेमतेम पाच-सहा मात्रांच्या वजनाचे होते. किशी यांचा गट व एसाय यांनी २०१९ मध्ये हॅलिकाँड्रीन वर्गातील एक पूर्ण रेणू ११ ग्रॅमहून अधिक प्रमाणात संश्लेषणाने तयार केल्याचे प्रसिद्ध केले.

अयशस्वी प्रयत्न : हॅलिकाँड्रिनाचे यश अपवादात्मक होय. फ्लॉरिडातील हार्बर ब्रँच या सागरविज्ञान संस्थेतील सरथ गुणसेकेरा व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये बहामा बेटांजवळील डिस्कोडर्मिया डिसोल्युटा या स्पंजातून डिस्कोडर्मोलाइड हे संयुग वेगळे केले. गोठविलेल्या स्पंजात त्याचे प्रमाण केवळ ०·००२ टक्के होते. सूक्ष्मनलिका घट्ट करून विभाजन थांबविण्याची त्याची क्रिया यू वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलासारखी असल्याचे पुढे दिसून आले आणि त्याच्याविषयी मोठ्या आशा निर्माण झाल्या. नोव्हार्टिस कंपनीने ३९ पायऱ्यांच्या संश्लेषणाने ६० ग्रॅ. पदार्थ तयार करून चाचण्या सुरू केल्या. पुरवठ्याची अडचण येथे पूर्णपणे सुटली होती. परंतु रुग्णांच्या फुप्फुसांवर विषारी परिणाम दिसल्याने चाचण्या थांबवाव्या लागल्या. फिजीजवळील जॅस्पिस स्पंजातील बेंगामाइडांवरून बनविलेले संयुग हृदय व रक्तवाहिन्या यांवरील दुष्परिणामांमुळे मागे पडले. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील हेमिॲस्टरेला स्पंजातील हेमिॲस्टर्लिनावर आधारलेले टाल्टोब्युलीनही चाचण्यांच्या प्रारंभीच्या टप्प्यांपलीकडे गेले नाही.

याहून वेगळ्या वाटेने जाणारे एक उदाहरण ओकिनावाजवळील अगेलास स्पंजाचे आहे. त्यातून १९९३ मध्ये मिळालेली अगेलॅस्फिने ही शर्करायुक्त मेदद्रव्ये कर्करोगाच्या कोशिकांना थेट मारीत नाहीत. त्यांवरून बनविलेले संयुग शरीरातील एका विशिष्ट प्रकारच्या श्वेतकोशिकांना उद्दीपित करते. औषध म्हणून त्याचा प्रभाव मर्यादित ठरला, पण त्या श्वेतकोशिकांच्या अभ्यासात ते आवश्यक साधन बनले आहे.

संयुगांचे खरे निर्माते : एकच संयुग परस्परांशी दूरचेच नाते असलेल्या स्पंजांत कसे सापडते, हा प्रश्न संशोधकांना पूर्वीपासून पडला होता. हॅलिकाँड्रिने जपानमधील हॅलिकाँड्रिया व न्यूझीलंडमधील लिसोडेंडोरिक्स यांखेरीज पॅसिफिक महासागरातील ॲक्सिनेला आणि हिंदी महासागरात कोमोरो बेटांजवळील फॅकेलिया या स्पंजांतही मिळाली. ओकाडाइक अम्लाच्या बाबतीत या कोड्याचे उत्तर लवकर मिळाले. ते स्पंज स्वतः बनवीत नसून डायनोफ्लॅजेलेट गटातील एककोशिक सजीव बनवितात आणि तेच सजीव खाल्लेल्या शिंपल्यांमुळे माणसांना अतिसाराची विषबाधा होते. कित्येक स्पंजांच्या वजनाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग त्यांच्या शरीरात वस्ती करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचाच असतो. तेव्हा बेर्गमान यांच्या काळापासून ‘स्पंजाची’ म्हणून नोंदविलेली किती संयुगे खरोखर स्पंजाची, अशी शंका घेणे क्रमप्राप्त होते.

पॅसिफिक महासागरातील थिओनेला स्वाइनहोई या स्पंजावर स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील जॉन फॉकनर यांच्या गटाने १९९६ मध्ये केलेले कार्य या दृष्टीने उद्बोधक आहे. स्पंजाचे शरीर सुटे करून त्यांनी स्पंजाच्या कोशिका, सूक्ष्म एककोशिक जंतू व तंतुरूप जंतू असे निरनिराळे भाग वेगळे केले आणि प्रत्येकातील संयुगे तपासली. कोशिकामारक संयुगे स्पंजाच्या स्वतःच्या कोशिकांत नसून सूक्ष्मजंतूंच्या भागांत असल्याचे आढळून आले. यांतील तंतुरूप सूक्ष्मजंतूला २००० मध्ये एंटोथिओनेला हे नाव देण्यात आले. जर्मन संशोधक यर्न पील व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये याच स्पंजातील ऑनामाइड वर्गाच्या अर्बुदविरोधी संयुगांची जनुके सूक्ष्मजंतूची असल्याचे दाखविले. २०१४ मध्ये एंटोथिओनेलाच्या दोन प्रकारांचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला, तेव्हा त्या स्पंजातून पूर्वी मिळालेली बहुतेक सर्व ज्ञात प्रभावी संयुगे बनविण्याची सामग्री या एकाच सूक्ष्मजंतूत एकवटलेली आढळली. न्यूझीलंडमधील मायकेल हेंट्शेली या स्पंजात २००० मध्ये सापडलेले पेलोरुसाइड हे संयुगही सूक्ष्मजंतूचेच असल्याचा निष्कर्ष २०२० मध्ये निघाला.

या शोधांमुळे पुरवठ्याच्या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले आहे. निर्माता सूक्ष्मजंतू असेल, तर पेनिसिलिनाप्रमाणे त्याला टाक्यांत वाढवून हवे तेवढे औषध मिळावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात स्पंजाच्या शरीराबाहेर हे सहवासी सूक्ष्मजंतू सहसा वाढत नाहीत. २०१४ मधील अभ्यासही स्पंजातून सुट्या केलेल्या तंतूंवरच करावा लागला होता. त्यांची जनुके सहज वाढणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्मजंतूत बसविण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु एकेका संयुगासाठी लागणारी जनुके संख्येने मोठी व लांबलचक असल्याने या मार्गाने कर्करोगावरील एकही औषध अद्याप रुग्णांपर्यंत आलेले नाही.